न खोडलेला गोल

नसीम गेल्याची बातमी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. त्या सकाळी कुणाचा तरी वाढदिवस होता. केक, फुलं, हात जोडलेली चित्रं एकामागून एक येत होती आणि त्यांच्यामध्येच दोन ओळी होत्या... ‘आपली नसीम आज पहाटे गेली. दफन दुपारी असरच्या नमाजनंतर, वाशीमला.’ खाली लगेच पुन्हा कुणीतरी केक पाठवला होता. त्याने वरचं वाचलं नसावं. मी चष्मा पुसून परत वाचलं. तिला किडनीचा आजार होता, डायलिसिस चालू होतं, हे मला माहीत होतं. तरी वाचलेलं आत जाईना. मी ओसरीत बसलो होतो आणि समोर ती आली की बसायची ती वेताची खुर्ची होती. तिचा वेत एका बाजूने सुटला आहे. मुलगा दर दिवाळीला ती खुर्ची काढून टाकायचं म्हणतो आणि मी दर दिवाळीला नको म्हणतो. कारण विचारलं तर सांगत नाही. दफनाला मी गेलो नाही. गुडघे दुखतात असं घरी सांगितलं.

नंतरच्या आठवड्यात, ती जिथे तासिका तत्त्वावर शिकवायची त्या महाविद्यालयात शोकसभा झाली. तिचा शाळेतला मास्तर म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. एक प्राध्यापक बोलले, चांगलं बोलले. नसीम मॅडम हुशार होत्या, विद्यार्थ्यांच्या लाडक्या होत्या, मानववंशशास्त्रात पीएच.डी. करायला घेतली होती, विषयही वेगळा होता, पण कुठेतरी चिकाटी कमी पडली... आणि मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले की, त्यांच्या घरचं वातावरणही आपण समजून घेतलं पाहिजे. सभागृहात माना हलल्या. माझीही हलली. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी तुमच्या विद्यार्थिनीच्या चार आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा मला आधी ती हललेली मान आठवली. म्हणून हे स्पष्ट लिहितो. नसीमची चिकाटी कमी पडली नव्हती. तिला घरच्यांनी अडवलं नव्हतं. तिचे वडील गाद्या-रजया भरायचे आणि आपली पोरगी नागपूरला मोठं शिकते हे गिऱ्हाइकाने न विचारता सांगायचे. तिची पीएच.डी. माझ्यामुळे बुडाली.

मी वाशीमच्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि राहायला अनसिंगच्या पुढच्या आमच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. नसीमनेही लिहिलं नसतं. तिच्या शास्त्रात गावाला आणि माणसाला दुसरं नाव देतात, म्हणजे खरं बोलणाऱ्याला त्रास होत नाही. ही रीत मला तिनेच सांगितली होती. शाळेत असताना ती दुसऱ्या बाकावर बसायची. बाहीला कायम कापसाचा एखादा तंतू चिकटलेला. एकदा ‘माझे घर’ असा निबंध दिला होता. तिने घराचं वर्णन केलंच नव्हतं. पाहुणे आले की कोण कुठे बसतं, कोण उठून आत जातं, कोण दारातच उभं राहतं, एवढंच दोन पानं लिहिलं होतं. मी विषयांतर म्हणून गुण कापले. ती वही घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, घर म्हणजे थेच नाही काय?” मी तिला जागेवर जायला सांगितलं. आज वाटतं, त्या दोन पानांना मी कितीही गुण दिले असते तरी कमीच पडले असते.

मी निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा ती एका दुपारी अचानक दारात उभी राहिली. खांद्यावर झोळी, हातात रेकॉर्डर. बायको चहा ठेवायला आत गेली. “पीएच.डी. करून राह्यली सर मी. मानववंशशास्त्रात.” मी विचारलं, “म्हणजे लोकांची डोकी मोजायची काय टेप घेऊन?” ती खळखळून हसली. “मोजाची नाही सर, डोक्यात काय हाय थे आयकाचं.” मग तिने विषय सांगितला. मुलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न केलं की आपल्याकडे काही घरांत तिच्या नावाने आंघोळ करतात. माणूस मेल्यावर करतात तशी, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून भाकरी येते. मग ती मुलगी जिवंत असली तरी त्या घरापुरती मेलेली. तिचं नाव घ्यायचं नाही. “त्या पोरींवर बरंच लिहिलं गेलं सर,” नसीम म्हणाली, “मले त्या घरांवर लिहाचं हाय. ज्यायनं आंघोळ केली, ते पुढं त्या घरात कसे राह्यतात? जेवाले बसतात तवा त्यायले काय वाटते?” आत बायकोच्या हातून कपबशी आपटली. नसीमने तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “विषय चांगला आहे. पण आमच्या गावात असं काही नाही.”

तरी तिने आमचं गाव निवडलं. मी होतो म्हणून. अनोळखी गावात शिरायला ओळखीचं माणूस लागतं आणि तिच्या दृष्टीने माझ्यासारखं भरवशाचं माणूस दुसरं नव्हतं. ती शाळेमागच्या एका खोलीत भाड्याने राहिली. सोयाबीनच्या सोंगणीला गेली, तुरीच्या शेंगा तोडायला गेली, हळद खेळली, बारशाला पाळणा हलवला. गावात तिला ‘सर्वेवाली’ म्हणत. एका म्हातारीने तिला माझ्यादेखत विचारलं होतं, “कोनत्या योजनेचं हाय वं हे?” “योजनेचं नाही आजी, शिक्षन हाय माह्यं.” “मांय वो! येवढी घोडी झाली तरी शिकूनच राह्यली? लगन कई करतं मंग?” “तुमी पाहा न एखादा पोरगा, फक्त सोयपाक येणारा पायजे.” म्हातारी हसता हसता खोकली आणि तिने नसीमला पोटाशी धरलं. संध्याकाळी ती आमच्या ओसरीत येऊन त्या वेताच्या खुर्चीत बसायची आणि दिवसभराचं सांगायची.

तिची एक सवय होती. उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न विचारायची नाही. गप्प बसायची. रागावून नाही, की अवघडून नाही. दळण होईपर्यंत चक्कीवर माणूस उभं राहतं तशी. मी तिला एकदा म्हणालो की, असं गप्प बसलं की समोरच्याला कसंतरी होतं. ती म्हणाली, “होऊ द्याचं सर. पयलं उत्तर लोकायसाठी असते. थांबलं की दुसरं येते.” मी तिच्यापुढे अनेक संध्याकाळी बसलो. शेती, शाळा, सणवार, वडिलांचा करारी स्वभाव, सगळं सांगितलं. प्रत्येक उत्तरानंतर ती थांबायची आणि मी ते थांबणं आणखी बोलून भरून टाकायचो. मास्तरला बोलायला काय लागतं... आता ती नाही, पण ते थांबणं आहे. मी काहीही बोललो, मुलाला पंप बंद कर म्हणालो, नातीला गणित समजावलं, की माझ्या वाक्यानंतर कुणीतरी समोर थांबलेलं असतं.

तिला गावात काही मिळेना. मिळालं नसतंच, कारण मी तिच्या आधी घरोघर जाऊन आलो होतो. आमच्या गावात अशी आंघोळ झालेली घरं होती. ती कोणती हे मला माहीत होतं, त्यांना माझं माहीत होतं. मी ओट्यावर बसून सहज म्हणाल्यासारखं म्हणायचो, पोरगी गुणाची आहे, माझ्या हाताखालची आहे, पण ते जुनं विचारलं तर सांगू नका, पुस्तकात छापून येईल, गावाची बदनामी होईल. मास्तरचा शब्द. एका घरातला कर्ता पुरुष तर मला बसस्टँडवर भेटून शाबासकी घ्यावी तसा म्हणाला, “आली होती थे. पुरा घंटा बसली. तुमी सांगतलं तसंच सांगतलं गुरुजी, आपल्याइकडं तसं काही नाही म्हनलं.” त्याच दिवशी संध्याकाळी नसीम माझ्याकडे आली आणि चहा घेता घेता म्हणाली, “सर, या गावात सारे लोकं एकच वाक्य बोलतात. शब्दानं शब्द सारखं.” मग ती थांबली. मी बाहेर बैल सुटला की काय ते पाहायला उठलो.

तिच्या गाईडने तिला एक अट घातली होती. घराबाहेर टाकलेल्या बाया बोलत होत्या, त्या तिला इतर गावांत भेटल्या होत्या. पण आंघोळ करणारा कुणी बोलत नव्हता. गाईडचं म्हणणं होतं, एक तरी घर दोन्ही बाजूंनी मिळायला हवं. जिच्या नावाने आंघोळ झाली ती आणि ज्याने केली तो. ते मिळालं नाही तर प्रबंध उभा राहत नाही, विषय बदल. फेलोशिपची मुदत संपत आली होती. हे तिने मला सांगितलं. माझ्याकडून काही मागितलं नाही, फक्त सांगितलं. त्या दिवशी ती गेल्यावर बायको म्हणाली, “अवो, सांगून टाका न तिले. थे काय आपल्या घराले नावं ठेवनारी हाय काय?” मी तिच्यावर ओरडलो. इतका ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकलं. ती पुन्हा त्या विषयावर कधी बोलली नाही, आणि आता तर तीही नाही.

मग खडूची ती सकाळ. नसीमला आमच्या घराची वंशावळ काढायची होती. तिच्या शास्त्रात ती चिन्हांनी काढतात. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, आणि जो वारला त्याच्या चिन्हावर एक आडवी रेघ मारून ते खोडायचं. कागदावर काढलं तर लोकांना सातबाऱ्यासारखं वाटतं, ते बावरतात, म्हणून ती जमिनीवर काढायची. माझ्याकडे खडूंचा जुना डबा होता. ओसरीच्या शहाबादी फरशीवर ती मांडी घालून बसली आणि मी खुर्चीतून सांगत गेलो. आजा, त्रिकोण, खोडला. आजी, गोल, खोडला. वडील, आई, खोडले. मग माझा त्रिकोण. खडू फरशीवर टकटक वाजत होता. माझ्या त्रिकोणाच्या बाजूला तिने एक रेघ ओढली आणि विचारलं, “तुमाले भाऊ-बहीण, सर?” मी म्हणालो, “एक बहीण होती. लहानपणी तापात गेली.” तिने गोल काढला. नीट, सावकाश, सुरुवात जिथून केली तिथेच आणून मिळवला. मग खडू उचलून माझ्याकडे न पाहता म्हणाली, “खोडू, सर?”

मी म्हणालो, “खोड.”

ती थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. मग खडू डब्यात ठेवला, हात झटकले आणि म्हणाली, “राहू द्या आता. मले पक्कं झाल्याबिगर मी खोडत नाही.” मला तेव्हा वाटलं, कामाची शिस्त आहे पोरीची. ती गेल्यावर मी ओलं फडकं घेऊन सगळी फरशी स्वतः पुसली. बायको दारातून बघत होती.

माझी बहीण तापात गेली नव्हती. तिचं नाव वच्छला. माझ्यापेक्षा लहान. वाशीमला शिवणकाम शिकायला जायची आणि तिथल्या कपडे शिवणाऱ्या एकाशी तिने लग्न केलं. तो आमच्या जातीचा नव्हता, आणि आमच्या घरात ज्यांच्यासाठी आम्ही पाण्याचा तांब्या वेगळा ठेवायचो त्यांच्यातला होता. निरोप आला तेव्हा वडील खळ्यावर होते. ते घरी आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, “सारे आंग धुवा.” मला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. मी शिकलेला होतो, नाही म्हणू शकत होतो. मी विहिरीवर गेलो आणि सगळ्यांसाठी पाणी शेंदलं. दोर माझ्या हातात होता, हे मी विसरत नाही. वडिलांनी अंगावरच्या धोतरानिशी डोक्यावर पाणी घेतलं, मग मी घेतलं, मग काका. शेवटी आई न्हाणीत गेली. तांब्याचा आवाज आला, पाणी पडण्याचा आवाज आला, नाल्यातून पाणी वाहत आलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग आई बाहेर आली. तिच्या लुगड्याचा काठ खाली ओला होता. केस कोरडे होते. तिने पदर पुढे ओढला, पण त्याच्या आधी मला दिसले... कोरडे, सकाळी विंचरलेले. तिने सगळं पाणी मोरीत ओतून दिलं होतं. आमच्याकडे न बघता ती शेजारून आलेली भाकरी वाढायला बसली. हे मी कुणाला सांगितलं नाही. वडिलांना नाही, बायकोला नाही. आईने पुढे मरेपर्यंत मुलीचं नाव घेतलं नाही, आणि मी तिला कधी विचारलं नाही.

नसीमने त्यानंतर थोड्याच दिवसांत खोली सोडली. फेलोशिप संपली. विषय बदलून दुसरं काही सोपं करता आलं असतं, तिने केलं नाही. वाशीमला तास घेऊ लागली. वडील वारले, भावाने दुकान सांभाळलं. दर ईदनंतर ती डब्यात शीरखुर्मा घेऊन गावी यायची, त्याच खुर्चीत बसायची, माझी तब्येत विचारायची. मग थोडा वेळ गप्प. मला वाटायचं, गुरूवरची माया आहे. मी पावसापाण्याचं बोलत राहायचो. शेवटच्या खेपेला हात सुजलेले होते, सुयांच्या खुणा होत्या. निघताना दारात वळून म्हणाली, “सर, काही सांगाचं राह्यलं असन तं फोन करा. मी आता घरीच असतो जास्ती.” ती घाईत बोलली की आपल्याकडच्या कितीतरी बायांसारखी ‘असतो’ म्हणून जायची. मी म्हणालो, “तू तब्येत सांभाळ.”

नसीम गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतला, म्हणजे गेलेल्यासाठी दुवा मागतात त्या दिवशी, मी वाशीमला गेलो. त्या दिवशी गुडघ्यांचं कारण मलाच लाज आणणारं वाटलं. दुकानासमोर मंडप होता, पुरुष बाहेर बसले होते. नसीमच्या भावाने मला हाताला धरून आत नेलं, अम्मीला भेटवलं. अम्मी म्हणाल्या, “मास्टरसाब, आपकी लाडली थी.” मी काय बोललो आठवत नाही. निघताना उंबऱ्याशी चपला घालत होतो. बायांच्या खोलीतून एक म्हातारी बाहेर आली. केस पूर्ण पांढरे, पाठ जरा वाकलेली. तिने खाली न वाकता, पायाच्या अंगठ्याने चाचपून आपली चप्पल ओढली. तशी चप्पल फक्त माझी आई ओढायची. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

“वळखलं नाही काय, भाऊ?” ती म्हणाली. “बराबर हाय. मेलेलं मानूस कसं वळखू येईन.”

बाहेर पुरुष बसले होते, आत बाया कुराण वाचत होत्या. आम्ही दोघं त्या उंबऱ्यावर उभे. मी विचारलं, तू इथे कशी? खरं तर तोंडातून एवढंच निघालं. वच्छला मानोऱ्याकडच्या इंझोरीला राहते हे मला तिच्याकडून त्या दिवशी कळलं. नवरा केव्हाच वारला, मुलगा शिवणकाम करतो. नसीम इंझोरीला कामासाठी फिरत होती तेव्हा तिला भेटली होती. “म्या तिले सारं सांगतलं. मी म्हनलं, लिही माये, माह्यं नाव टाकून लिही, मले कोनाचं भेव नाही. थे मले आत्या म्हने. म्हनलं, काहून वं आत्या? तं म्हने, सर बापाच्या जागी हायेत न माह्या.” वच्छला दाराच्या चौकटीला टेकली. “मंग एक दिस आली न बसूनच राह्यली. म्हने, आत्या, सर म्हनतात तुमी तापात गेल्या. आता म्या तुमचं लिहिलं तं सर खोटे पडतात. त्यायच्या तोंडून येऊ द्या, मंगच लिहीन. मी म्हनलं, थो नाही सांगनार. तुले माह्या भावाचा सोभाव माहीत नाही. तं म्हने, सांगतीन. मी थांबतो.”

म्हणजे खडू उचलून तिने ‘खोडू, सर?’ असं विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. ती बहिणीला भेटून, तिच्या हातची भाजी-भाकर खाऊन आली होती. एका घराच्या दोन्ही बाजू हव्या होत्या, त्या तिला मिळाल्या होत्या, एक इंझोरीत आणि एक माझ्या ओसरीत. फक्त मी तोंड उघडायचं बाकी होतं. माझं नाव बदलून ती सहज लिहू शकली असती. तिचं आयुष्य वेगळं झालं असतं. मला, खरं सांगायचं तर, तिचा रागही येतो. तिने मला एकदा तरी तोंडावर म्हणायला हवं होतं, सर, तुम्ही खोटं बोलता. कुठल्या शास्त्राने एवढं थांबायला सांगितलं होतं? मास्तरांना खोटं पाडायचं नाही ही अदब तिला कुणी शिकवली होती? मग आठवतं, मीच शिकवली होती. निबंधावरून तिला जागेवर पाठवलं होतं.

आणि एवढं सगळं उंबऱ्यावर ऐकून मी शोकसभेत मान हलवली.

नसीमच्या चाळीसाव्या दिवसानंतर मी मानोऱ्याच्या गाडीने इंझोरीला गेलो. घरी सांगून गेलो नाही. वच्छलाच्या दारात शिलाई मशीन होतं, मुलगा कुणाचा तरी शाळेचा गणवेश शिवत होता. त्याने मला ओळखलं नाही, कसा ओळखेल. “मामा हाय तुहा,” वच्छला आतून म्हणाली, जणू मी दर महिन्याला येत असावा. चहा झाला. मग मी ते सांगितलं. विहीर, दोर, वडील, काका. आणि आईचे केस. ती ऐकत राहिली. मी थांबलो. या वेळी मी ते थांबणं भरून काढलं नाही. मशीन चालू होतं, ते बंद झालं. मुलगाही ऐकत असावा. बऱ्याच वेळाने वच्छलाने आपल्या डोक्यावरून हात फिरवला. मग एकदा पुन्हा.

“मायनं आंग नाही धुतलं?”

“नाही.”

“पक्कं?”

“मी पाह्यलं. केस कोरडे होते.”

तिने डोळ्याला पदर लावला नाही. ती माझ्याकडे रोखून बघत राहिली आणि म्हणाली, “हे तिले सांगाचं होतं, भाऊ. तिनं लिहून घेतलं असतं.”

वच्छलाने मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. माफ केलं असं काही म्हणाली नाही, मीही माफी मागितली नाही. गाडीत बसवताना एवढंच म्हणाली, “पुन्हा येशीन तं सांगून ये. भाजी चांगली करीन.”

नसीमचा प्रबंध आता कुणी लिहिणार नाही. तिच्याजवळ जे होतं ते तिच्याबरोबर गेलं. माझ्याजवळ होतं ते मी इथे लिहिलं आहे, लेखावर माझं खरं नाव घालून, कारण माझं नाव बदलण्याचा हक्क तिचा होता. त्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी हे वाचावं अशी माझी विनंती आहे. चिकाटी मोजायची असेल तर एक बाई एका मास्तरच्या एका वाक्यासाठी किती ईदा त्याच्या ओसरीत येऊन बसली, ते मोजावं.

परवा सकाळी मी खडूंचा तो डबा काढला. बरेच खडू ओलसर होऊन भुगा झाले होते, एक चांगला निघाला. गुडघे न ऐकणारे, तरी फरशीवर बसलो. आजा, आजी, वडील, आई, खोडले. बायकोचा गोल काढला, खोडला. मग माझा त्रिकोण आणि त्याच्या बाजूला वच्छलाचा गोल. नसीमसारखा नीट नाही आला. नसीमलाही कुठेतरी काढावं म्हणून खडू हातात धरून बराच वेळ बसलो. तिच्या शास्त्रात विचारणाऱ्याला वंशावळीत जागा नसते. ती खुर्ची तेवढी समोर होती.

सून पुसायचं फडकं आणि बादली घेऊन आली. “मामाजी, हे काय काढून ठेवलं? पुसू काय?”

“बाकीचं पूस. एवढा गोल राहू दे.”

“कोनाचा हाय?”

“माझ्या बहिणीचा. वच्छला. इंझोरीला असते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. तिने फडकं पिळलं आणि गुडघ्यावर बसून गोलाच्या कडेकडेने, त्याला ओल लागू न देता फिरवत गेली. सगळी ओसरी ओली झाली. मधे तेवढी एक जागा कोरडी राहिली.